मंगळवारचा टाय

ऐंशीच्या दशकात साउथ डकोटातल्या आमच्या गावात मी एकटाच भारतीय. पीएचडी मृदाशास्त्रातली, पण गावाने मला डॉक्टर ठरवून टाकलेलं. शेजारचे आजोबा मेडिकेअरला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याला, जोड म्हणून पॉलिसी शोधायचे. दर मंगळवारी टाय लावून, केक करून नवा एजंट बोलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "परत एकदा सांगा बरं."

मला राहवेना. एका बैठकीत मी उत्तम पॉलिसी निवडली, त्यांची सही घेतली आणि स्वतःवर खूश झालो.

पुढच्या मंगळवारी ते टाय लावून पोर्चवर बसलेले. समोर दोन कप. कुणीच येणार नव्हतं. तो बंदोबस्त मीच केला होता.

"डॉक्टर, तुमच्या पॉलिसीत दातांचा खर्च मिळतो?"

"नाही."

"मग सगळं परत बघायला हवं."

त्यांची तर वर-खाली कवळी होती. मी खुर्ची ओढली.

"सुरुवातीपासून सांगतो."