यानप्रमुखाची सुपारी

काशीत दुर्गाघाटावर आम्ही त्यांना डायरेक्टरकाका म्हणायचो. नोकरी बँकेत, पण जीव सगळा अंतराळात! नव्वदच्या दशकात एका विलायती अंतराळपटाचा नवा भाग निघणार म्हणून हिंदी पेपरात बातम्या यायच्या. दिग्दर्शक कोण, हीरो कोण, यावर काका हातातला चहाचा कुल्हड विसरून भांडायचे. "जुना हीरो हटवला तर पब्लिक ओळखणार कुणाला? हद झाली!"

त्यांची स्वतःचीही मालिका होती. गणेशोत्सवात दर वर्षी 'शुक्रस्वारी' नाटकाचा पुढचा भाग. पुठ्ठ्याचं यान, आणि यानप्रमुख म्हणून आमच्या घाटावरचे वेदपाठी गुरुजी. शुक्रावरच्या राक्षसाला ते चुकार शिष्यासारखं दरडावायचे आणि पब्लिक एकदम खूश.

भूमिका देण्याची काकांची रीत ठरलेली. स्वतः घरी जायचं, पान-सुपारी हातावर ठेवायची, मग भूमिका सांगायची. "बोलावणं मानानंच करावं, बेटा." मला राक्षसाच्या फौजेत घेतलं तेव्हाही सुपारी घेऊन आले होते. आईची हसून हसून पुरेवाट झाली.

दुसऱ्या भागात गुरुजी संवाद विसरले. मधेच गप्प उभे राहिले, मागून शिट्ट्या आल्या. पुढच्या वर्षी यानप्रमुखाची सुपारी काकांनी माझ्या हातावर ठेवली. "आणि गुरुजी?" मी विचारलं. "सांगतो रे, सांगतो." मी कॉलेजातला, डोक्यात हवा शिरलेली. पुन्हा विचारलं नाही. तालमी काकांच्या माडीवर गुपचूप झाल्या.

प्रयोगाच्या संध्याकाळी गुरुजी आले ते पूर्ण पोशाखात. रुपेरी अंगरखा, गळ्याशी बांधलेलं निळ्या साटिनचं नवं उपरणं.

"सुपारी आली नाही," ते काकांना हसत म्हणाले, "म्हटलं, घरच्या माणसाला दर वर्षी कसली सुपारी! तालमींचा त्रास दिला नाहीस, बरं केलंस. आण कागद, नजर टाकतो."

मी यानप्रमुखाच्या पोशाखात समोरच उभा! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. काकांची मान वर होईना. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, मग उपरणं सोडून माझ्या गळ्याशी बांधलं.

"गाठ पक्की असू दे. उडी मारताना सुटते."

नाटक झालं, टाळ्याही पडल्या. काय करायच्या त्या टाळ्या!

चौथा भाग झालाच नाही. काका बँकेत जाताना गुरुजींची गल्ली टाळून घाटावरून वळसा घेऊ लागले. दोन वर्षांनी गुरुजी गेले. पुढे नोकरीसाठी काशी सोडताना मी निरोप घ्यायला गेलो, तेव्हा काकांनी कपाटातून एक पुडी काढली. पान वाळून चुरा झालेलं, सुपारी तेवढी शाबूत.

"चौथ्या भागाची. गुरुजींसाठी घेतली होती. दारापर्यंत जाऊन आलो रे, कडी वाजवायला हात उठला नाही."

मी मान खाली घातली. काका निदान दारापर्यंत गेले होते. मी त्याच गल्लीतून रोज कॉलेजात जायचो, आणि ते निळं उपरणं अजून माझ्याच ट्रंकेत होतं.