सरोवरापलीकडची तुळई

आमचा शेजारी झेनॉन मुलखाचा हट्टी. उन्हं कलली की खुर्ची काखोटीला मारून मिशिगन सरोवराच्या काठावर हजर! हवा स्वच्छ असली की पलीकडे शिकागोच्या इमारती पाण्यातून उगवल्यासारख्या दिसतात, बोटाच्या पेराएवढ्या. त्यांतल्या सगळ्यात उंच इमारतीचा लोखंडी सांगाडा उभारायला तो होता. शेवटची तुळई वर चढवण्याआधी कामगार तिच्यावर आपापली नावं लिहितात. यानं बायकोचं लिहिलं, ब्रोन्या. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

काल मी वैतागलेच. "अरे, रोज नुसता टक लावून काय बसतोस? उद्या माझ्या गाडीत बस. वरपर्यंत लिफ्ट जाते. जवळून बघून ये एकदाचं!"

"गेलो होतो गं, ती गेली त्याच वर्षी," तो म्हणाला. "वर कसलंसं ऑफिस आहे. छत, दिवे, गालिचा. तुळई कुठे झाकली गेली तेच कळेना. तिथली पोरगी विचारते, आजोबा, कुणाला शोधताय?"

"मग?"

त्यानं खुर्ची थोडी पाण्याकडे सरकवली.

"मग काय! इथून दिसते."