दोन घरांपलीकडचं हळदीकुंकू
तीळ भाजल्याचा वास आला की स्मृति नगरातली ती संक्रांत आठवते. लकव्यानंतर चाकांच्या खुर्चीत बसलेली आई पहिल्यांदाच काळी साडी नेसून, दोन घरं सोडून राहणाऱ्या शेजारणीकडे हळदीकुंकवाला निघाली होती. मी खुर्ची ढकलत होतो. फुटपाथवर कुणाच्या बांधकामाची गिट्टी पडलेली आणि रस्ता पाइपसाठी खोदलेला, त्यामुळे खुर्ची तिथेच अडली. शेजारीण फाटकातून म्हणाली, “राहू द्या काकू, आमीच येतो तुमच्याकडं.” आणि खरंच सगळ्याजणी वाण घेऊन आल्या. आई हसून बोलली. त्या गेल्यावर मला म्हणाली, “घर तं रोजचंच हाय रे. मले कोणाच्या घरी जाचं होतं.” महिनाभरात रस्ता मोकळा झाला, पण तिनं पुन्हा कुठं जायचं नाव काढलं नाही. अजून वाटतं, त्या दिवशी चौघांनी मिळून ती खुर्ची उचलली असती तर.