काशिरामची मुकी कांडी

काशिराम कल्हईवाल्यावर पनवेलचे बाकीचे कल्हईवाले दात खाऊन होते, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतही नव्हतं. धंद्याची गोम गिऱ्हाइकाला सांगायची नाही, हा सगळ्याच धंद्यांचा पहिला नेम. या गृहस्थाने ती गावभरच्या बायकांना सांगून टाकली होती, तीही फुकट, वडाळे तळ्याच्या काठी भट्टीपुढे बसून.

गोम अशी. भांड्याला आतून कल्हई लावायची ती कथलाची. कथील महाग, शिसं स्वस्त. कथलात शिसं मिसळलं तर भांडं पहिल्या दिवशी आरशासारखं चमकतं आणि पुढे चिंच-कोकमाच्या आंबटात तेच शिसं हळूहळू जेवणात उतरतं. डोळ्यांना यातलं काही कळत नाही, कानांना कळतं. खऱ्या कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की कुरकुरते. शिसं मिसळलेली मुकाट वाकते.

"कल्हईवाल्याच्या तोंडाकडं बघू नको," काशिराम प्रत्येकीला सांगायचा. "कांडी मागून घे नि वाकव. बोलली तर भांडं दे."

बायकांनी हे ऐकलं आणि अमलातही आणलं. टपाल नाक्यावरच्या एका कल्हईवाल्याला तर त्यांनी महिनाभरात बस्तान हलवायला लावलं. पण काशिरामची कांडी कोणी वाकवून पाहिली नाही. ज्याने शहाणं केलं त्याच्यावरच संशय घ्यायचा, हे कोणाच्या जिवावर येणार नाही?

काशिराम मूळचा कामोठ्याचा, भात आणि मिठागर करणाऱ्या घरातला. बाराव्या वर्षी पनवेलला एका तांबटाच्या कारखान्यात लागला आणि अठरा वर्षं त्याने हंडे ठोकले. दिवसभर घणघण, घरी आलं तरी डोक्यात घणघण. पुढे स्वतःची कल्हईची भट्टी मांडली. भाता ओढायला बायको, भामा. तो भांडं फिरवणार, ती वारा घालणार, असा त्यांचा संसार तळ्याकाठी पंचवीस वर्षं चालला. भांडणंही तिथेच व्हायची, गिऱ्हाइकांच्या देखत, आणि बहुतेक वेळा भामा जिंकायची.

सत्तावन्न सालाआधीच्या दोन वर्षांत मात्र काशिराम जरा हवेतच होता. कथील एकाच पुसण्यात असं पसरायचं की त्याचा त्यालाच अचंबा वाटायचा. पंचावन्नाव्या वर्षी हात खरा बसला, असं तो भामाला सांगायचा. धातूचे व्यापारी कमळाकरशेठही हल्ली त्याच्याशी मोठ्याने, तोंडाकडे बघून बोलायचे. काशिरामला वाटे, आपला मान वाढला. तो दुकानात कांडी कानाशी धरून वाकवायचा, मान डोलवायचा आणि पिशवीत टाकायचा.

काळजी होती ती भामाची. वर्षभर तिच्या पोटात कळा येत होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता, भाता ओढताना हात गळायचे. वैद्यांनी चूर्ण दिलं, पथ्य सांगितलं. काशिरामने सगळं खापर तिच्या चिंचेवर फोडलं. माशाचं आंबट, म्हणजे चिंचेचं कालवण, तिला रोज लागायचं आणि तेही असं की समोरच्याचे दात आंबावेत. ती म्हणायची, आंबट तर मी लहानपणापासून खाते, तेव्हा कळा का आल्या नाहीत? यावर काशिराम विषय बदलायचा.

सत्तावन्न साली दिवाळीच्या आधी, कल्हईचा हंगाम ऐन भरात असताना, भामा कळांनी अंथरुणातून उठली नाही. काशिराम एकटाच भट्टीवर आला. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने सांडशी, अशी त्याची तारांबळ चालली होती, तेवढ्यात कामोठ्याची जनी आली. बरोबर तिची नवी सून, वेणू, डोक्यावर दोन पातेली घेऊन. सुनेला बाजारातलं शहाणपण शिकवायचं म्हणून जनीने काशिरामपुढची कांडी उचलली. सासूपणाचा तोरा होताच.

तिने कांडी सुनेच्या कानाशी धरली आणि वाकवली.

"आत्या, काय आयकायचं?" वेणूने विचारलं.

जनीने कांडी स्वतःच्या कानाशी नेली. एकदा वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली. तिच्या चेहऱ्यावरचा तोरा उतरला. ती काशिरामजवळ वाकून सावकाश म्हणाली, "दादा, ही बोलत नाय."

काशिराम हसला. त्याने कांडी घेतली, कानाशी धरून वाकवली आणि म्हणाला की बोलते की, चांगली बोलते. तो खोटं बोलत नव्हता. बोटांना कांडी वाकल्याचं कळलं की पंचवीस वर्षांच्या सवयीने तो आवाज त्याच्या डोक्यात आपोआप उमटायचा.

जनीने पिशवीतल्या पाचही कांड्या काढल्या. एकेक वाकवली आणि एकेक खाली ठेवली. दर वेळी तिने फक्त मान हलवली.  मग काशिरामने पेटीच्या तळातून एक फडकं काढलं. त्यात बोटभर जुनी कांडी होती, पहिल्या भट्टीच्या वेळची, दसऱ्याला हत्यारांबरोबर पुजायची. तिला हळदकुंकू लागलेलं होतं. ती त्याने जनीच्या हातात दिली.

जनीने ती दोघींच्या कानांच्या मध्ये धरून वाकवली. वेणू दचकली. जनीचे डोळे मोठे झाले. दोघी एकदमच त्याच्याकडे बघायला लागल्या.

काशिरामने तीच कांडी घेतली, कानात घालायचीच बाकी ठेवली आणि वाकवली. डोळे मिटून, सवयीला बाजूला सारून, नीट ऐकलं. काही नाही. दुसऱ्या कानाशी नेली. तिथेही काही नाही. खरी आणि खोटी, दोन्ही कांड्या त्याला सारख्याच मुक्या होत्या.

 गोष्टी एकामागून एक येऊन आदळल्या. शेठ मोठ्याने बोलत होते तो मान नव्हता, ते बहिऱ्याशी बोलणं होतं. कथील एका पुसण्यात पसरत होतं, कारण शिसं मिसळलेलं लवकर वितळतं. हे त्यानेच दहा जणींना सांगितलं होतं. दोन वर्षांत किती पातेली या हातांनी चमकवली, याचा हिशेब त्याला लागेना. आणि मग त्याला आपल्या घरातलं आंबटाचं पातेलं आठवलं. ते तर तो सगळ्यांत जाड कल्हई लावून चमकवायचा, कारण ते भामाचं होतं.

पेटलेली भट्टी, जनीची पातेली, सगळं तसंच टाकून तो घराकडे धावला. पंचावन्न वर्षांचा माणूस भर बाजारातून धोतर सावरत धावताना लोकांनी पाहिला.

भामा जराशी उठून चुलीजवळ बसली होती आणि वाटीतून आंबट पीत होती. त्याने वाटी हिसकावली, पातेलं उचलून अंगणात पालथं केलं. ती चिडली. त्याने कसंबसं सगळं सांगितलं. तिने त्याला जवळ ओढलं, तोंडासमोर तोंड आणलं.

"तुमाला आयकू येत नाय ते सगल्यांना ठाव हाय," ती म्हणाली. "मला वाटलं तुमालापन ठाव आसंल. मानसाला आपलं कान गेलेलं कलत नाय का?"

"तू रोज बाजूला बसायचीस. येकदा तरी कांडी वाकवायचीस."

"तुमची कांडी?" भामा म्हणाली. "ती मी कशाला वाकवू?"

तेच उत्तर पनवेलच्या कोणत्याही बाईने दिलं असतं. काशिरामला ते बायकोच्या तोंडून ऐकावं लागलं, म्हणजे ओठांवरून वाचावं लागलं. तो कपाळावर हात मारून रडला.

दुसऱ्या दिवशी दोघं, भामा त्याचा आधार घेत, कमळाकरशेठच्या दुकानात गेली. शेठ गादीवरून हसून म्हणाले की काशिराम, माल तू स्वतः वाकवून नेलास, तुला तेव्हा काय ऐकू आलं होतं? दुकानातले लोक हसले. काशिरामला त्यांचं हसणं दिसलं.  भामाने गल्ल्याजवळच्या कांड्यांतली एक उचलली, बसलेल्या गिऱ्हाइकांच्या कानांशी नेऊन वाकवली, मग दुसरी, मग तिसरी. चौथ्या कांडीपर्यंत दुकानात कोणी हसत नव्हतं.

तळ्याकाठी येऊन काशिरामने प्रत्येकीला स्वतःच्या तोंडाने सांगितलं: मी बहिरा आहे, दोन वर्षं खोटी कल्हई लावली, भांडी आणा, खरवडून पुन्हा लावून देतो. कोणी शिव्या दिल्या, कोणी हळहळलं, कोणी परत आलंच नाही. टपाल नाक्यावरचा तो कल्हईवाला मात्र खास बघायला आला आणि पोटभर बघून गेला. नव्या कांड्या उरणहून आणल्या, त्या भामाने ऐकल्या. पहिलं भांडं लावताना कथील हट्टाने एका जागी बसलं आणि काशिरामला चारदा पुसावं लागलं. हात काही बसला नव्हता.

भामाच्या कळा शिमग्यापर्यंत हळूहळू थांबल्या. चेहऱ्यावरचं रक्त मात्र पूर्वीसारखं कधी परतलं नाही.

काशिराम पुढे आठ वर्षं भट्टीवर बसला. भांडं घेऊन बाई आली की तो आधी कांडी पुढे करायचा आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचा. ती दचकली की भांडं घ्यायचा. एखादी म्हणायची, "ऱ्हाऊ द्या दादा, तुमच्यावर भरवसा हाय." तिचं भांडं तो उचलून तिच्याच हातात परत द्यायचा.

"मंग दुसरीकडं जा," तो म्हणायचा. "माज्या बायकोचापन होता."