वळणावरचा तुकडा

जिंतूरच्या आमच्या मॉन्टेसरीत एक मदतनीस मावशी आहेत. वाचन शिकवणारे टॅब आल्यापासून त्या रोज पदरानं त्यांच्या काचा पुसतात. पण एखादं मूल टॅबकडे धावलं, की त्याचा हात धरतात. "आधी खरखरीत, मग गुळगुळीत." म्हणजे पुठ्ठ्यावरच्या पॉलिश पेपरच्या अक्षरावरून आधी दोन बोटं फिरवायची, मगच टॅब.

"ह्यातली बाई कंदी दमत न्हाई," त्या टॅबमधल्या आवाजाबद्दल म्हणतात, "म्हून पोरं तिला भीत न्हाईत."

ती अक्षरं माझ्या पत्नीनं कापून चिकटवलेली. ती तिथंच शिकवायची. ती गेल्यावर तिच्या हातचं काहीतरी घरात हवंसं वाटू लागलं. एका सकाळी मी अक्षरांची पेटी मागायला गेलो. म्हणालो, "आता टॅब आहेतच की."

मावशींनी मला पोरांच्या ओळीत बसवलं आणि माझी दोन बोटं 'अ'वर ठेवली. "फिरवा, सर."

वळणावर बोटं अडली. तिथं नव्या कागदाचा तुकडा चिकटवलेला होता.

"रोज फिरवून झिजायलंय," मावशी ओशाळून म्हणाल्या. "मी लावते. ताईंसारखं जमत न्हाई."

पेटीचा विषय मी पुन्हा काढला नाही. कोणता कागद आणू, एवढंच विचारलं.