थाळीवरचे दोन ठोके

"तुम लोगों के यहाँ तो बच्चे ऐसे ही पल जाते हैं, है ना?"

मॅडम नाकाला रुमाल लावून त्या बाईला विचारत होत्या. बाग सेवनिया वस्तीच्या मागच्या गल्लीत, सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर. बाई साकेत नगरच्या एका हॉस्पिटलमध्ये सफाईचं काम करते. निरोप मिळाला तशी युनिफॉर्मवरच धावत आलेली. मी मॅडमच्या मागे फॉर्म धरून उभी. बालसंरक्षणाच्या कामावर, कंत्राटी.

तक्रार होती की तिची सहा वर्षांची मुलगी घरात कोंडलेली असते. आम्ही पोचलो तेव्हा दाराला बाहेरून कडी होती. कुलूप नव्हतं. आतून थाळीवर दोन ठोके आले.

"लिखो," मॅडम म्हणाल्या, "बच्ची मदद के लिए थाली पीट रही थी."

मी लिहिलं.

खरं काय ते मला माहीत होतं. मॅडम फोनवर बोलत होत्या, पण ठोक्यांच्या आधी समोरच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या शेजारणीची, अम्माची, हाक मी ऐकली होती. अम्मा थोड्या थोड्या वेळाने हाक मारते, पोर दोन ठोके देते. म्हणजे मी ठीक आहे. ठोके आले नाहीत तर अम्मा कडी काढून आत जाते. याच शहरात, नेहरू नगरात, मी अशीच वाढले. वडील ऑफिसात शिपाई, आई दवाखान्यात आया. माझ्या थाळीला मधोमध पोचा आला होता.

बाईने माझ्या ओळखपत्रावरचं मराठी आडनाव वाचलं. तिच्या जिवात जीव आला.

"ताई, तुमी आपल्याकडच्या ना? तुमीच सांगा ना यायले."

मी म्हणाले, "दीदी, हिंदी में बोलिए."

आजही आठवलं की कान तापतात. मी त्याच 'तुम लोग'मधली, हे मॅडमना कळू नये, एवढ्यासाठी. बाईने मान खाली घातली. पोरीला गाडीत बसवलं, बालगृहात नेलं. पोरीने थाळी छातीशी धरली होती.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिने वरही पाहिलं नाही.

"मंग तुले बी उचलून न्याले पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी बालकल्याण समितीसमोर अहवाल वाचायचा होता. मी अहवाल मिटला. म्हणाले, "ये रिपोर्ट गलत है. मैंने लिखी है." थाळीचं सगळं सांगितलं. अम्माला कोणीच काही विचारलं नाही, हेही सांगितलं.

मॅडमनी विचारलं, "तुम्हें ये सब कैसे पता?"

"मैं भी ऐसे ही पली हूँ, मॅडम. थाली बजाके."

पोर अजून बालगृहातच आहे. चौकशी पुन्हा होणार. माझं कंत्राट वाढेल असं वाटत नाही. बाई मला माफ करेल असंही वाटत नाही, आणि तिने करूही नये.

उद्या मी त्या गल्लीत जाणार. आधी अम्माचा जबाब घेणार. मग त्या बाईशी बोलणार. मराठीत, मॅडमच्या समोर.