भाऊंवरचा कॅमेरा

तो प्रकार आजही आठवतो. मी तेव्हा मुंबईत पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. निवडणुकीचे दिवस होते. डिलाईल रोडवरून एका उमेदवाराची प्रचारफेरी चालली असताना चाळीच्या पहिल्या मजल्यावरची तुळशीची कुंडी एका कार्यकर्त्याच्या डोक्यात पडली. माणूस बेशुद्ध झाला. लगोलग एका पत्रकाराची क्लिप सगळीकडे फिरली. खाली रक्तबंबाळ माणूस आणि वर कठड्यावरून वाकलेली एक बाई. ‘हीच ती’ असं त्यावर लिहिलेलं.

चौकशीसाठी ठाण्यात आणलेली ती बाई अंगणवाडी सेविका. तिचा दीर विरोधी पक्षात, त्यामुळे लोकांना कारणही आयतं मिळालं. ठाण्याबाहेर जमाव तिच्या अटकेसाठी घोषणा देत होता. सूर्यास्तानंतर बाईला सहसा अटक करता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ऊन उतरू लागलं तसा आवाज चढू लागला. वरिष्ठांचे फोन सुरूच होते. अटक केली तर तिची नोकरी जाणार, नाही केली तर रस्त्यावर डोकी फुटणार.

“मी कशाला टाकू ओ, साहेब? आवाज झाला म्हणून वाकून बघितलं,” एवढंच ती सांगत होती.

पत्रकाराला बोलावून घेतलं. उमेदवाराला तो ‘भाऊ’ म्हणे आणि विरोधकांची बरी बातमी कधी देत नसे. हवालदार माझ्या कानात म्हणाले, “साहेब, हा भाऊंचाच माणूस. याचा शब्द काय धरायचा?”

तेवढ्यावरून त्याला खोटं ठरवावं असं मला वाटेना. आमचे खबरीसुद्धा बऱ्याचदा कुणाचा तरी काटा काढायलाच खबर देतात, तरी ती खरी निघते.

“मी स्वतः पाह्यलंय, साहेब. बाईनेच ढकलली,” पत्रकार म्हणाला.

“आरडाओरडा होण्याआधी तुमच्या मोबाईलचा कॅमेरा कुठे होता?”

“भाऊंवर. टेम्पोत त्यांच्यासमोरच होतो ना. आरडाओरडा झाला म्हणून वळवला, नाहीतर फेरी संपेपर्यंत मी त्यांच्यावरून कॅमेरा हलवतच नाही.” हे त्याने अभिमानाने सांगितलं.

“मग कुंडी पडताना वर कोण बघत होतं?”

पंचांसमोर त्याचा मोबाईल ताब्यात घेतला आणि मूळ चित्रीकरण लावलं. भाऊ हात जोडून हसतायत. त्यांच्या मागे टेम्पोवरच्या झेंड्याची काठी कठड्याला बांधलेल्या पताकांच्या दोरीत अडकते, दोरी ताणली जाते आणि तिच्या धक्क्याने कठड्यावरची कुंडी खाली येते. गॅलरीत कुणीही नाही. बाई नंतर धावत येते. ती दोरी भाऊंच्याच माणसांनी सकाळी बांधली होती.

“शपथेवर सांगतो साहेब, मला खरंच वाटलं तिनेच...” पत्रकार म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. न पाहिलेला भाग त्याने मनाने भरला होता आणि तेच पाहिलं असं धरून चालला होता. तेव्हापासून राजकीय बातमी वाचताना लिहिणारा कुणाचा आहे हे मी बघतोच, पण त्या वेळी तो कुठे बघत होता, हे आधी विचारतो.

चित्रीकरण दाखवल्यावर जमाव पांगला. अंधार पडला होता, म्हणून बाईला जीपने घरी पोचवायला सांगितलं.

“जीप नको, साहेब,” ती म्हणाली. “पोरांच्या आया बघतील. उद्या पोरं पाठवायच्या नाहीत माझ्याकडे.”

पदर डोक्यावरून घेऊन ती चालत निघाली.